हरीण कोणाला भिते, ते आधी पाहा!



तेंदूचा हंगाम तोंडावर आला आहे. त्याच सुमारास वैशाखी पौर्णिमा येईल. त्या रात्री जंगल खात्याचे लोक पाणवठ्यांवर मचाण बांधून जनावरे मोजायला बसतील. चितळ किती आले, सांबर किती, रोही किती, डुक्कर किती, हे कागदावर चढेल. तो कागद रेंज ऑफिसातून डिव्हिजनला जाईल, तिथून नागपूरला जाईल, आणि फिरून एक दिवस आपल्याच अंगावर येईल.

तो कसा येतो ते आपण पाहिले आहे. आपल्या भागातल्या एका गावात जमिनीच्या दाव्यांची चौकशी लागली. लोकांनी दंडाच्या जुन्या पावत्या काढल्या, म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या, बांध्या दाखवल्या, बापजाद्यांची मोहाची झाडे दाखवली. मग खात्याकडून एक कागद पुढे आला. त्याचा मतलब असा, की या जंगलात हरणे आता दिसत नाहीत, ती या लोकांनी मारून खाल्ली, आणि असल्यांना जमीन दिली तर उरलेसुरलेही संपेल. चौकशी जमिनीची, आणि निकाल लावायला निघाले हरणावरून!

आपले लोक "आमी नाही खाल्ले" एवढेच म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसाचे काय होते ते सांगायला नको.

आम्ही म्हणतो, हरणाचीच साक्ष काढा. हरणाला बोलता येत नाही हे खरे. पण ते कुठे बसते, केव्हा चरते, कोणाला पाहून उभे राहते आणि कोणाची चाहूल लागताच पळते, हे वर्षभर पाहिले तर त्याच्यावर गोळी कोण चालवतो ते कळते. आणि हे वर्षभर पाहतो कोण? मचाणावर एक रात्र बसणारा साहेब नाही पाहत. ढोरे चारणारा पोरगा पाहतो, मोह वेचणारी बाई पाहते, धानाची राखण करणारा म्हातारा पाहतो. यांची साक्ष आजवर कोणी लिहून घेतली नाही. ती आता आपण लिहायची आहे.

दिसत नाही म्हणजे नाही, असे नसते

हरीण न दिसणे आणि हरीण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने जंगलात चार पावसाळे काढले त्याला हे माहीत आहे. ऑफिसात बसणाऱ्याला सांगावे लागते.

ज्या रानात बंदूक फिरत नाही तिथे चितळ कसे वागते? सकाळी ऊन चढेपर्यंत ते उघड्या गवतावर चरते. दुपारी सावलीत बसून रवंथ करते. उन्हे कलली की पुन्हा बाहेर येते. झाडावर वानरे असतील तर त्यांच्या खाली राहते. वानर पाने-फळे टाकते आणि वरून वाघरावर नजर ठेवते. ज्या गावाच्या आसपास कोणी शिकार करत नाही, तिथे तर रात्री कळप घरांच्या अंगाला येऊन बसतो. रानकुत्री गावाजवळ यायला बिचकतात, हे त्याला कळते.

त्याच रानात चार रात्री गोळी चालू द्या. मग पाहा. पहिल्यांदा कळप उघडे गवत सोडतो. सकाळचे चरणे बंद होते, अंधार पडल्यावर बाहेर येतो आणि उजाडायच्या आत परत झाडीत शिरतो. पूर्वी गोफणीच्या टप्प्यात उभा राहायचा, आता हाकेच्या अंतरावरून पळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूचे चांगले गवत तसेच उभे राहते आणि आतल्या नाल्यातली झुडपे खुडलेली दिसतात. सांबर तर तसेही दिवसा डोंगराच्या उताराला दडून राहणारे जनावर. त्याला धास्ती बसली तर महिनोन् महिने डोळ्याला पडत नाही, फक्त चिखलात खूर आणि झाडाच्या खोडाला शिंग घासलेली साल दिसते.

आता अशा रानात साहेब दिवसा जीपने फिरला, तर त्याला काय दिसणार? काहीच नाही. तो लिहिणार, 'वन्यप्राणी नष्ट.' जनावर मेलेले नसते, दडलेले असते. काही मेलेलेही असते, ते आम्ही नाकारत नाही. पण मेले किती आणि दडले किती, हे ठरवायला खूर पाहावे लागतात, लेंडी पाहावी लागते, बसलेल्या जागा पाहाव्या लागतात. जीपमधून उतरावे लागते.

वर्षाचा हिशोब

भीतीलाही ऋतू असतात. गावाच्या मांडवात बसून आम्ही हा हिशोब लावला. तुमच्या गावात ताडून पाहा.

पावसाळ्यात, आषाढ ते भादवा, पाणी सगळीकडे आणि गवतही सगळीकडे. हरीण पांगते. पावसाच्या सुरुवातीला सांबराची पाडसे दिसू लागतात. सांबराच्या नव्या शिंगावर मखमल असते. या दिवसांत नाले भरलेले, रस्ते खचलेले, म्हणून बाहेरची गाडी आत येऊ शकत नाही. पण आपण तर जंगलातच असतो. सात्या वेचतो, वास्ते काढतो, ढोरे चारतो. आपली माणसे सर्वांत जास्त रानात असतात ते याच महिन्यांत. आणि हरीण सर्वांत निवांत असते तेही याच महिन्यांत! आता बोला. आपण खाऊन संपवत असतो, तर पावसाळ्यात हरीण आपल्याला पाहून रान सोडून पळाले नसते का?

दिवाळीच्या आसपास रस्ते सुकतात. कूपाचे काम लागणार म्हणून ठेकेदार नाल्यांवर मुरूम टाकून वाट करतो. लाकडाचा ट्रक जायला केलेली वाट जीपलाही चालते. इकडे धान निसवलेले असते, रात्री राखणीला माणसे मचाणावर असतात. त्यांना पहिला आवाज ऐकू येतो. आधी इंजिन, मग झाडांवरून फिरणारा उजेडाचा झोत, मग बार. झोत डोळ्यांवर पडला की चितळ जागच्या जागी थिजते. डोळे चमकतात, नेम सोपा होतो. त्यात कसली मर्दुमकी आणि कसली पारध? पण हे थिजणे पहिल्या काही वेळाच. मग नुसते इंजिन ऐकू आले की कळप चौखूर उधळतो.

उधळलेला कळप जातो कुठे? आपल्या धानात येतो. हे नीट ध्यानात घ्या. रस्त्याकाठचे गवत त्याला बंद झाले, रात्रीच चरायचे उरले, आणि रात्री सर्वांत दाट खाणे आहे ते बांध्यांत. मारणारा एक, आणि नुकसान दुसऱ्याचे. वर्षाचे धान तुडवले जाते आमचे, आणि 'आदिवासी आणि वन्यप्राणी यांचा संघर्ष' असे नाव मिळते. त्या संघर्षात जीपचे नाव कुठेच नसते.

थंडीत, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, सुरुवातीला सांबराचा माज असतो आणि सरत्या थंडीत चितळाची पाडसे जास्त करून जन्मतात. चितळाची मादी सात-साडेसात महिने गाभण राहते आणि बहुतेक एकच पाडस देते. पहिले काही दिवस ती पाडसाला गवतात लपवून ठेवते आणि पाजायला परत येते. या दिवसांत रात्री बार झाला आणि कळप दोन नाले ओलांडून पळाला, तर गवतातल्या पाडसाचे काय होते? कोल्हा नेतो, रानकुत्री नेतात, नाहीतर ते उपाशी मरते. गोळी लागली एकाला, मेले दोन. पुढच्या वर्षीचा कळप तिथेच कमी झाला. मोजणीच्या कागदात हे दुसरे मरण कधी येत नाही.

उन्हाळा सर्वांत वाईट. फागुनात मोह पडू लागतो. मोहाचे फूल माणसाला आवडते, अस्वलाला आवडते, हरणालाही आवडते. पहाटे अंधारात बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात तेव्हा चितळ चार झाडे पलीकडे फुले खात असते. ते मान वर करून पाहते, थोडे सरकते आणि परत खाली तोंड घालते. बाईला ते भीत नाही. वर्षानुवर्षे हे असेच चालू आहे. पण जिथे मोहाखाली दडून कोणी बार केला, तिथे दुसऱ्या दिवसापासून ते झाड चितळाने सोडलेले असते, बाई असो वा नसो.

चैत्र-वैशाखात नाले आटतात. पाणी उरते ते दोन-चार डोहांत आणि गावाच्या बोडीत. सगळे जनावर त्या चार जागी आले की शिकाऱ्याला रान धुंडाळायची गरज उरत नाही. तो पाण्यावर येऊन बसतो. चितळाच्या नरांचा माज याच दिवसांत असतो. ते ओरडतात, एकमेकांशी झुंजतात, सावध कमी असतात. मोठ्या शिंगांचा नर आधी जातो, कारण दिवाणखान्याच्या भिंतीला शिंगे लागतात.

आणि आता मुद्द्याचे. ज्या पाणवठ्यावर फागुनापासून बार होत आले, तिथे हरीण पाणी कसे पिते? ते लवकर येतच नाही. लांब झाडीत उभे राहून वारा घेते. भेकर भुंकले किंवा वानर खोकरले तर तसेच परत फिरते. मध्यरात्रीनंतर एक मादी पुढे येते, चार घोट घेते आणि निघते. उरलेला कळप दुसऱ्या एखाद्या डबक्यावर जातो, नाहीतर आपल्या बोडीवर येतो. त्याला मचाण म्हणजे काय ते पक्के कळलेले असते. मचाणावर माणूस बसतो आणि मग आग निघते. वैशाखी पौर्णिमेला खात्याचा माणूस त्याच पाणवठ्यावर मचाण बांधून बसतो. त्याच्याजवळ बंदूक नाही, पेन्सिल आहे, हे हरणाने कसे ओळखावे? ते येत नाही. कागदावर आकडा कमी पडतो. आणि आकडा कमी पडला म्हणून दोष कोणाला? पाणवठ्यावर बार करणाऱ्याला नाही, पाणवठ्याजवळच्या गावाला!

अशी ही मोजणी. ज्या भीतीमुळे आकडा पडला त्या भीतीची चौकशी नाही, आणि पडलेला आकडा मात्र आपल्या दाव्यावर चढतो.

भीतीचे बोट कोणाकडे?

जीपला भिणे हरणाच्या रक्तात नसते. ते शिकलेले असते. ताडोबात जाऊन पाहा. १९५५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पर्यटकांच्या गाड्या फिरतात. चितळ रस्त्याकाठी चरत राहते, गाडी थांबली तरी फार बिचकत नाही. तेच चितळ, तशीच जीप. आपल्या जंगलात मात्र इंजिनाचा आवाज आला की शेपटी वर करून कळप गायब. फरक कशाचा? तिथल्या जीपमधून गोळी येत नाही, इथल्या जीपमधून आली आहे. याहून साधा पुरावा कोणता पाहिजे?

तसेच उलटे पाहा. लाकडाची मोळी घेऊन जाणारी बाई, ढोरांची घंटी, बैलबंडीचा आवाज, याला आपल्या रानातले हरीण पळत नाही. खुराचा ठसा सांगतो. चालत गेलेल्या हरणाचे खूर जुळलेले उमटतात. उधळलेल्याचे खूर फाकलेले असतात, माती मागे उडालेली असते आणि मऊ मातीत मागची छोटी नखेही उमटतात. जीपच्या चाकोरीजवळचे ठसे कसे आहेत आणि ढोरांच्या वाटेजवळचे कसे आहेत, हे कोणीही जाऊन पाहावे. रेंजर साहेबांनीही यावे. आम्ही वाट दाखवू.

साक्ष मात्र अर्धी काढायची नसते. ज्या गावात पोरे कुत्री घेऊन हाका करतात, तिथे चितळ कुत्र्याच्या भुंकण्याने रान सोडते. जिथे पायवाटेवर फास लागतात, तिथे हरीण ती पायवाट टाकून देते. तसे दिसले तर तेही लिहा. हरणाचे बोट गावाकडे वळले तर गावाने आपले घर पाहावे. पण बोट कुठे वळते ते पाहायच्या आधीच, ऑफिसात बसून, ते आपल्याकडे वळवून ठेवायचे, हे आम्हाला कबूल नाही.

चोर कोण आणि शिकारी कोण, हे कोणी ठरवले?

ही आजची गोष्ट नाही. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा केला, मग १९२७ चा केला. राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणे, फास लावणे, मासे मारणे हा गुन्हा ठरला. पण बंदुकीला वाट होती. मध्य प्रांतात जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडले होते. साहेबाने परवाना काढायचा, ब्लॉक घ्यायचा, मचाण बांधून घ्यायचे. हाका करायला माणसे कुठून? आपल्याच गावातून. आपले आजे-पणजे ढोल वाजवत, काट्याकुट्यांतून जनावर हाकत साहेबाच्या बंदुकीसमोर नेत. साहेबाचा फोटो निघे, त्याला 'शिकारी' म्हणत. त्याच माणसाने पोटासाठी रानात जाळे लावले तर तो 'चोर'.

स्वातंत्र्य आले, ब्लॉक राहिले. झेंडा बदलला, परवाना तोच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही चितळ-सांबर यांच्यासाठी परवान्याची वाट कायद्यात ठेवलेली होती. ती बंद झाली १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हरणावर गोळी झाडायची सोय सरकारी कागदावर होती आणि ती ज्याच्याजवळ बंदूक, पैसा आणि ओळख आहे त्याच्यासाठी होती. तो कागद बंद झाला, पण बंदूक, पैसा आणि ओळख कुठे गेली? तीच जीप आता परवान्याशिवाय येते, एवढेच.

आपल्यात पारध होती. ती लपवायची गोष्ट नाही. पण तिला रीत होती. गावाने मिळून जायचे, मिळून वाटायचे, विधवेच्या घरीही वाटा पोचवायचा. कुळीत एखादे जनावर देवक असेल तर त्या कुळीने त्याला हात लावायचा नाही. आज कायद्याने सगळीच शिकार बंद आहे, आणि ती पुन्हा सुरू करा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या लोकांजवळ हरणाला सोडून देण्याची रीत होती त्यांना हरणाचे वैरी म्हणू नका.

'माणसे हटवा, हरीण येईल'

शहरातले काही वन्यजीवप्रेमी म्हणतात, गावे उठवा, जंगल मोकळे करा, मग पाहा हरीण कसे वाढते. त्यांच्या मनात कपट आहे असे आम्ही म्हणत नाही. हरणावर त्यांचा जीव आहे, तसा आमचाही आहे. ढोरे फार झाली तर गवतावर ताण पडतो, हेही आम्हाला कळते. त्यावर गावसभांत बोलणे चालू आहे. पण एक सवाल आहे. गाव उठले तर रात्रीचा बार ऐकेल कोण?

धानाच्या मचाणावरचा म्हातारा आज ऐकतो. मोहाखालची बाई सकाळी रिकामे काडतूस पाहते. ढोरक्या पोरगा जीपची चाकोरी ओळखतो. एकेका गार्डाकडे एवढे मोठे बीट असते, तो एकटा कुठे कुठे पुरणार? त्याच्या हातात काठी, समोरच्याकडे बंदूक. कित्येक गार्डांना रात्री जायची भीती वाटते, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नाही. अशा वेळी गाव उठवणे म्हणजे चोराच्या वाटेवरचा कंदील विझवणे.

जॉर्ज शॅलर नावाचे अभ्यासक १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्याच्या जंगलात येऊन राहिले. वर्षाहून जास्त काळ चितळ, सांबर, बारासिंगा आणि वाघ पाहत बसले. १९६७ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले आणि ते जगभर वाचले गेले. चांगले झाले. एक माणूस वर्षभर बसून पाहतो तेव्हा ते ज्ञान होते. मग जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली, त्यांचे पाहणे 'अतिक्रमण' कसे होते?

आता आपल्या घरातले

खात्याला सवाल करायचा तर आपले अंगण झाडलेले पाहिजे. म्हणून चार गोष्टी आपल्या लोकांनाही.

जीपला वाट दाखवणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या तरी गावातलाच असतो. एक बाटली, पन्नास रुपये आणि मांसाचा एक वाटा, एवढ्यावर तो कळप कुठे बसतो ते सांगतो. गोळी बाहेरचा झाडतो, केस मात्र यानेच भोगायची असते. १९९१ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली होती. जीपवाला वकील लावील. तुमचे बैल विकले जातील. आणि तुमच्या एकट्याच्या नावावरून सगळ्या गावाच्या दाव्यावर शाई ओतली जाईल.

धानाच्या कडेने तारेत वीज सोडणे ताबडतोब बंद झाले पाहिजे. जनावर मरतेच, पण अंधारात शेजाऱ्याचा पोरगाही त्याच तारेला लागतो. उन्हाळ्यात डोहात विष कालवणे हे तर पापच आहे. त्याने मासे, पाखरे, हरीण, ढोर, सगळे मरते, आणि तेच पाणी खालच्या गावाला जाते. असे करणाऱ्याला गावसभेने उभे करावे. पोलिसाची वाट पाहू नये.

काय करायचे?

एक. प्रत्येक गावाने एक वही घालावी. शाळेत गेलेल्या पोरापोरींनी लिहावे, म्हाताऱ्यांनी आणि बायांनी सांगावे. लिहायचे ते असे : तारीख, जागा, जनावर कोणते, किती, पाडसे किती, दिवसाची वेळ कोणती, जवळ कोण होते, आणि हरणाने काय केले. उभे राहिले, सरकले की पळाले. जीप दिसली तर तिची वेळ आणि वाट. बार ऐकू आला तर रात्र आणि दिशा. काडतूस सापडले तर हात न लावता पंचांना दाखवा. दर अमावास्येला ही वही गावसभेत वाचून दाखवा आणि अंगठे-सह्या घ्या. एक नक्कल रेंज ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

दोन. मोजणीच्या रात्री प्रत्येक मचाणावर गावाची दोन माणसे बसली पाहिजेत, त्यातली एक बाई असावी. आकड्याच्या कागदावर त्यांची सही पाहिजे. त्या पाणवठ्यावर मागच्या दोन महिन्यांत किती वेळा बार झाला, तेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे. नुसता आकडा आम्ही मानणार नाही.

तीन. जंगल नाक्यावर गाड्यांचे रजिस्टर असते. दिवाळीपासून वैशाखापर्यंत रात्री कोणती गाडी कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, ते गावसभेसमोर वाचून दाखवा अशी अर्जाने मागणी करा. नाक्याचा अडथळा रात्री कोणासाठी उचलला जातो, हे आम्हाला समजले पाहिजे. कूपाचे काम संपले की ठेकेदाराने केलेली वाट खंदक मारून बंद करावी, हीही मागणी करा.

चार. अभयारण्याची चर्चा कानावर आली तर कानाडोळा करू नका. कायद्याप्रमाणे कलेक्टरने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते, गावागावांत आपल्या भाषेत जाहीरनामा लावायचा असतो, आणि त्या तारखेपासून दोन महिन्यांत आपण लेखी दावा द्यायचा असतो. १९९१ च्या दुरुस्तीप्रमाणे अभयारण्यातही काही हक्क चालू ठेवण्याची परवानगी कलेक्टर देऊ शकतो. जाहीरनामा झाडाला चिकटवून, कोणी वाचायच्या आत निघून जाऊ नये, म्हणून पाळत ठेवा. निस्ताराचे हक्क, मोह, तेंदू, चराई, पाणवठ्याची वाट, देवाची जागा, सगळे लिहून ठेवा. हरणाची वही दाव्याला जोडा.

पाच. जमिनीच्या चौकशीत कोणी हरणाचे नाव काढले, तर गप्प बसू नका. विचारा : कोणत्या महिन्यात पाहिले? किती वाजता? पायी की गाडीतून? ठसे पाहिले का? ते कोणाला पाहून पळाले? याची उत्तरे दिल्याशिवाय तो कागद आमच्या दाव्याला जोडू नका, असे लेखी म्हणा आणि त्याचीही पोच घ्या.

ज्याला हरीण पाहिजे त्याने हरणाचे ऐकले पाहिजे. आणि ज्याला हरणाचे ऐकायचे आहे त्याला, आज ना उद्या, रानात राहणाऱ्या माणसाजवळ बसावेच लागेल. जमीन आमच्या नावाने झाली म्हणून चितळ रान सोडणार नाही. रात्रीचा झोत बंद झाला नाही तर मात्र ते सोडेल, मग पट्टा कोणाच्याही नावाने असो.

वही आजच घाला. पौर्णिमा जवळ आली आहे.

मोजणी करा, पण आमच्या डोळ्यांसमोर!
आधी जीप मोजा, मग हरीण मोजा!
जल, जंगल, जमीन आमची, राखणही आमची!

(हा अंक गावसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोंडीत समजावून सांगावे. वाचून झाल्यावर पुढच्या गावाला द्यावा.)